पाण्याखालचा डोळा

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ हे स्वयंचलित जलयान घडविले व २०१६ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रोबोसब स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळविला. अशा यानाचा डोळा म्हणजे कॅमेरा. त्याचे रक्षण करते जलाभेद्य पेटी. १० मीटर खोलीवर, १० सेंटिमीटर व्यासाच्या तिच्या काचेवर पाण्याचा सुमारे ७८ किलोग्रॅम भार पडतो. तथापि या भाराहून घातक ठरतो तो निष्काळजीपणा. झाकणाच्या खाचेतील रबरी कड्याखाली एखादा केस जरी अडकला, तरी पाणी आत झिरपते आणि अनेक महिन्यांचे परिश्रम व्यर्थ होतात. म्हणूनच प्रथम रिकामी पेटी बुडवून पाहावी लागते. आत ठेवलेला कागद कोरडा निघाला, म्हणजे मगच कॅमेरा पाण्यात उतरवावा.