कुंपणच शेत खाऊ लागले तर?



कुंपणच शेत खाते, ही म्हण आपण एरवी पुढाऱ्यांसाठी वापरतो. आज ती शब्दशः घ्यायची आहे.

घराला, खळ्याला लागून आपण जास्वंदीचे कुंपण लावतो. काडी फुकट मिळते, अंगणाला आडोसा होतो, देवाला फूल होते. पलीकडे कपाशी उभी असते. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या. एकीचे दुखणे दुसरीकडे जायला वेळ लागत नाही.

कुंपण सुकू लागले की आपण काय करतो? कपाशीचे उरलेले औषध पंपात घालून मारतो. आजार रेड्याला, औषध पखालीला! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन आपली माणसे दगावली. तेच विष लेकरे खेळतात त्या अंगणात कशासाठी? आधी दुखणे ओळखा.

कुंपण वरून दाट, खालून बोडके झाले, तर तो रोग नव्हे. बुडाला ऊन मिळत नाही. छाटताना बूड रुंद, शेंडा निमुळता ठेवा.

कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या दिसल्या, तर चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही. युरियाने भागणार नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारा.

ओल असूनही सखल जागेतलीच झाडे मलूल झाली, तर मुळे पाण्यात गुदमरली आहेत. चर काढून पाणी बाहेर काढा.

शेंडे आखडले, त्यांवर पांढरा कापूस, पाने चिकट, वर काजळी आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. 2006-07 च्या सुमारास याच परदेशी किडीने गुजरात, पंजाब आणि आपल्याकडच्या कपाशीला ग्रासले होते. जास्वंद, पेठारी, गाजर गवत हे त्याचे मुक्कामाचे घर.

उपाय खर्चाचा नाही. किडलेले शेंडे कापून पोत्यात भरा आणि जागेवरच जाळा. कपाशीतून ओढत नेऊ नका. पिल्ले फांदीबरोबर, कपड्याबरोबर, वाऱ्याबरोबर पसरतात. उरलेल्या झाडावर 5 टक्के निंबोळी अर्कात थोडी धुण्याची पावडर घालून फवारा. मुंग्यांची वारुळे मोडा, कारण चिकट्यासाठी मुंग्याच या किडीची राखण करतात. आणि एक बघा: काही ढेकूण तपकिरी, टणक, फुगलेले दिसतील. त्यांच्या पोटात आपली मित्रमाशी वाढते आहे. त्या फांद्या राखा. जहाल विष मारले तर आधी ही माशी मरते.

किडीला सातबारा लागत नाही. एकाने कुंपण साफ केले आणि शेजाऱ्याने ठेवले, तर दोघांचीही कपाशी जाईल. म्हणून पेरणीआधी एक दिवस ठरवा, सारे गाव मिळून आपापले कुंपण आणि बांध तपासा. पंपाला हात घालण्याआधी पान उलटून पाहा, एवढेच आज सांगायचे आहे.