काकूंची आल्प्सची सहल

बचत, कर्जफेड, बँकेची कामं हे विषय आज बाजूला ठेवते. आज सहलीबद्दल बोलायचं आहे. आणि सहल जोतिबाची नाही, तुळजापूरची नाही, थेट आल्प्सची आहे.

हसू नका. आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा जर्मनीत म्युनिक शहरात नोकरीला आहे. तो माझ्याच वर्गात होता. सून तिथंच काम करते, दोन नातवंडं आहेत. पाच वर्षं तो म्हणतोय, "आई, एकदा ये, तुला आल्प्स दाखवतो." यंदा काकूंनी होकार दिला, काकांचाही पासपोर्ट निघाला. मग अर्ज, कागद आणि फोनवर बोलणं हे सगळं माझ्याकडं आलं, कारण गटाची सगळी कागदपत्रं मीच बघते. तिथपर्यंत ठीक होतं. पण मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला, "आईला उन्हाचं झेपेल ना? इकडं उन्हाळा फार वाईट जातो आता." काकूंना हसूच आवरेना. "आम्ही बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये कांदा काढतो. तो मला बर्फाच्या गावात ऊन लागेल म्हणतो!"

मलाही आधी तसंच वाटलं होतं. आपल्याला आल्प्स माहीत आहे तो सिनेमातला. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला तेव्हापासून स्वित्झर्लंड म्हणजे हिरवे डोंगर, मागं बर्फ आणि नायिकेची साडी. तिथं पंख्याची गरज पडत असेल असं कुणाच्या मनात येतं? पण मुलानं सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात तो बादलीत पाय सोडून लॅपटॉपवर काम करत होता. त्याचं घर अगदी वरच्या मजल्यावर, छपराच्या खाली आहे. छताला पंखा नाही, एसी नाही. तिकडची घरं थंडीसाठी बांधलेली असतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. उन्हाळ्यात तीच ऊब आत अडकते आणि रात्रीसुद्धा घर निवत नाही. आपण अंगणात, गच्चीवर खाट टाकतो. तिथं गच्ची नाही.

मग मी वाचायला घेतलं. २००३ सालच्या उन्हाळ्यात युरोपात जी उष्णतेची लाट आली, तिच्यात नेहमीपेक्षा सत्तर हजारांहून जास्त माणसं दगावली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार. त्यात बहुतेक म्हातारी माणसं, आणि त्यांतही बायका जास्त. ऑगस्ट महिना तिकडं सुट्टीचा. मुलं, शेजारी सहलीला गेलेले आणि म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर एकटी. हे वाचलं त्या दिवशी मी काकूंकडं गेले आणि पहिल्यांदा जरा रागानंच बोलले.

कारण काकू त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी जास्त करवणारी. आणि काकूंची एक सवय आहे, जी तुमच्या-माझ्यापैकी कितीजणींची आहे ते तुम्हीच ठरवा. प्रवासाला निघालं की त्या पाणी पीत नाहीत. एसटी स्टँडवरची बाथरूम नको, वाटेत गाडी थांबवायला सांगायची लाज नको, म्हणून सकाळपासून घसा कोरडा. मागच्या लग्नसराईत याच कारणानं त्या मांडवात चक्कर येऊन पडल्या होत्या. सगळ्यांनी "उपास होता का" असं विचारलं. पाणी किती प्यायलात, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर ताईंनी समजावून सांगितली. उन्हाची सवय अंगाला लागते हे खरं, पण ती कायमची नसते. चैत्र-वैशाखात लागलेली सवय पावसाळ्याच्या गारव्यात काही आठवड्यांत निघून जाते. म्हणजे ऑगस्टमध्ये विमानातून उतरणाऱ्या काकू त्या मे महिन्यात कांदा काढणाऱ्या काकू नसतील. हे ऐकल्यावर काकूंचं हसणं थांबलं.

मग आम्ही सहल पुन्हा पहिल्यापासून आखली.

आधी तारखा. नातवंडांची शाळेची मोठी सुट्टी तिकडं ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. मुलानं ऑगस्टचा पहिला आठवडा धरला होता. २००३ ची ती लाट नेमकी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात तापली होती. सप्टेंबर लागता लागता रात्री गार होतात, दिवस लहान होतो आणि गर्दीही कमी होते. म्हणून डोंगराचे दिवस ऑगस्टच्या अखेरीला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ढकलले. उकाडा तेव्हाही येऊ शकतो, पण शक्यता कमी. यावर काकूंचा पहिला प्रश्न: "गौरी-गणपती?" यंदा अधिक महिना आल्यामुळं गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणून हे जमलं. नाहीतर आल्प्स जागेवर राहिला असता.

मग मुक्काम. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलानं इन्सब्रुक शहरात हॉटेल बघितलं होतं. ऑस्ट्रियातलं देखणं शहर, चारी बाजूंनी डोंगर. पण शहर दरीच्या तळाशी आहे, समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरवर, आणि उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या पुढं जातो. डोंगर दिसतात म्हणून हवा थंड असते असं नाही. वाईतून महाबळेश्वर दिसत नसलं तरी घाट चढून गेलं की अंगाला फरक कळतो ना? तसंच. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा अंश उतरतात. म्युनिकहून इन्सब्रुकला जाणारी एक रेल्वे डोंगरातून जाते. तिच्याच वाटेवर झेफेल्ड नावाचं गाव आहे, जवळजवळ बाराशे मीटरवर. तिथं मुक्काम ठेवला. इन्सब्रुकपेक्षा चार अंश तरी कमी आणि रात्री पांघरूण लागेल. इन्सब्रुक बघायला सकाळच्या गाडीनं खाली उतरायचं आणि जेवायच्या आत वर परत.

"जेवायच्या आत" हे काकांना पटेना. तिथं सूर्य उशिरा मावळतो, उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं केलेली असतात. त्यामुळं आपण उन्हाची वेळ बारा ते तीन धरतो, तिथं खरा ताव दुपारी चार-पाचला असतो. "चार वाजले, ऊन उतरलं, चला फिरायला" हा आपला हिशेब तिथं उलटा पडतो. शिवाय उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर ढग जमून विजा कडाडायला लागतात. म्हणून नियम एकच ठेवला: सकाळी सातला बाहेर, एकच्या आत माघारी. काका म्हणाले, "मग शेताचीच वेळ झाली की."

काकांना बर्फ बघायचा आहे. त्यासाठी जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, झुगस्पिट्झ, २९६२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पायी चढायचं नाही, पाळण्यातून जायचं. तळ्याकाठून निघालेला पाळणा दहा मिनिटांत सुमारे साडेएकोणीसशे मीटर वर नेतो. खाली तीस अंश असतील तरी वर बराच गारवा, आणि हवा विरळ. बीपीच्या माणसाला हा झटका लहान नाही. म्हणून जायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, वर पोचल्यावर आधी बसायचं, फोटो नंतर. वर गार वाटतं तरी ऊन चटका देतं, बर्फावरून उलटून डोळ्यांवर येतं. काळा चष्मा काकूंनी घेतला. घालून बघितला आणि लगेच पदराखाली लपवला.

पण तिथला बर्फही पहिल्यासारखा राहिलेला नाही. झुगस्पिट्झवरच्या हिमनद्यांपैकी एक इतकी वितळली, की २०२२ साली शास्त्रज्ञांनी तिला हिमनदी म्हणणंच बंद केलं. त्याच वर्षी ३ जुलैला इटलीतल्या मार्मोलादा डोंगरावर बर्फाचा कडा तुटला आणि खाली चालणारी अकरा माणसं गेली. आदल्या दिवशी त्या शिखरावर दहा अंश तापमान होतं. २०२५ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली गाडलं गेलं. तिथल्या तीनशे माणसांना आणि गुराढोरांना काही दिवस आधीच हलवलं होतं, म्हणून मोठी हानी टळली. हे वाचताना मला माळीण आठवलं. आपल्याकडं तो इशारा वेळेत मिळाला नाही. तेव्हा मुलाला मी बजावलं आहे: वाट बंद अशी पाटी दिसली की बंद. लांबून आलोय, पैसे भरलेत, हे डोंगराला कळत नाही.

आता पाणी. यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. तिकडं बहुतेक मोठ्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला एक युरो लागतो. म्हणजे शंभराच्या वर रुपये. हे मी काकूंना सांगितलं आणि तिथंच चुकले. "लघवीला शंभर रुपये? मी नाही जात." म्हणजे पुन्हा पाणी बंद! शेवटी सुनेनं तोड काढली. एक युरोच्या नाण्यांची वेगळी छोटी पिशवी ती काकूंच्या हातात देणार आहे, आणि अट अशी की संध्याकाळी ती पिशवी रिकामी दिसली पाहिजे. रेल्वेच्या डब्यातलं स्वच्छतागृह फुकट असतं, तेही सांगून ठेवलंय. प्यायचं पाणी मात्र विकत घ्यायला नको. आल्प्सच्या गावांत चौकाचौकांत दगडी कुंडावर नळ वाहत असतो. 'ट्रिंकवासर' लिहिलेलं असलं की पिण्याचं. त्याच्या आधी 'काइन' हा शब्द असला की प्यायचं नाही. काकूंनी हे दोन शब्द वहीत लिहून घेतलेत.

गोळ्यांचं डॉक्टर ताईंशी बोलून झालं. आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, आणि बीपी आहे म्हणून मीठ-साखरेचं पाणीही विचारूनच घ्यायचं. चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं की सावलीत आडवं करायचं, अंगावर ओलं फडकं, वारा घालायचा आणि ११२ ला फोन. युरोपात आणि आपल्याकडं हा नंबर एकच आहे. विम्याशिवाय व्हिसाच मिळत नाही, निदान तीस हजार युरोचा लागतो. पण विमा काढताना बीपी लपवू नका. लपवलं तर ऐनवेळी पैसे नाकारतात.

म्युनिकच्या घरासाठी मुलाला दोन कामं दिलीत. टेबलफॅन आत्ताच घ्यायचा, कारण लाट आली की दुकानात मिळत नाहीत. आणि खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा सकाळी आठच्या आत पाडायच्या, रात्री उघडायच्या. काकू म्हणाल्या, "एवढं तर माझी आईसुद्धा करायची." सुती लुगडं आणि डोक्यावर पदर हे तर आहेच, टोपीची गरज नाही. फक्त पाळण्यात आणि सरकत्या जिन्यावर निऱ्या वर खोचायच्या.

हे सगळं शोधताना एक गोष्ट सापडली, ती गटाच्या बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये चौसष्टच्या पुढच्या बायकांनी २०१६ साली एक संघटना काढली, क्लिमासीनियोरिनेन नावाची. त्यांचं म्हणणं असं की उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या बायका जास्त मरतात आणि आमचं सरकार हवामानासाठी पुरेसं करत नाही. देशातल्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवलं. त्या थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि ९ एप्रिल २०२४ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. दोन हजारांहून जास्त सभासद, सरासरी वय सत्तरीच्या पुढं. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्याही बायकांना ऊन लागतं म्हणून ओरडावं लागलं." काकूंनी विचारलं, "त्यांच्या गावाला जाता येईल का?" नाही येणार, तेवढे दिवस नाहीत.

गायींचं मात्र बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तिकडं उन्हाळ्यात गायी डोंगरावरच्या कुरणांत नेतात, जसे आपले धनगर मेंढरं घेऊन फिरतात. सप्टेंबरच्या मध्याला गायी फुलांनी सजवून, गळ्यात मोठ्या घंटा बांधून वाजतगाजत खाली आणतात. आपला पोळाच. पण २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच कुरणांवर पाणी आटलं आणि लष्कराच्या हेलिकॉप्टरनं गायींना पाणी पोचवावं लागलं. आपल्याकडं टँकर, तिकडं हेलिकॉप्टर. तोवर काकू परत आलेल्या असतील, कारण त्यांना स्वतःच्या बैलांचा पोळा चुकवायचा नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाणार आहेत. एसटीनं, रात्रीच्या. मी काकूंच्या पिशवीत लिटरची बाटली भरून देणार आहे आणि सकाळी फोन करून विचारणार आहे, किती उरलं. शेळ्या पंधरा दिवस कुणी सांभाळायच्या हे अजून ठरायचंय, तीन घरांनी नावं दिली आहेत.