थंड पठारावरचा गोबर गॅस

शेणापासून गॅस करणारे जिवाणू 35 अंशांच्या आसपास जोमाने काम करतात. तापमान 10 अंशांखाली गेलं की त्यांचं काम अगदी मंदावतं. तरीही बोलिव्हियाच्या आल्टिप्लानो पठारावर, सुमारे 4,000 मीटर उंचीवर, हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं तिथे, शेतकरी कुटुंबं गाईचं शेण आणि लामाच्या लेंड्या वापरून गॅस मिळवतात.

त्यासाठी घुमटाची महागडी टाकी लागत नाही. जमिनीत चर खणायचा, त्यात पेंढ्याचा थर द्यायचा आणि वर प्लॅस्टिकची लांब, नळीसारखी पिशवी पसरायची. दोन्ही बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर. खरी करामत भिंतींची! दिवसाची ऊब त्या साठवतात आणि रात्री पिशवीला देतात. तापवायला वेगळं इंधन लागत नाही, म्हणून हे परवडतं. मात्र पिशवीला जनावरांच्या खुरांपासून जपावंच लागतं.

थंडीत शेण कुजायला वेळ लागतो, म्हणून टाकी किंवा पिशवी मोठी हवी. भारतातही शेण टाकीत किती दिवस राहील, याचा हिशोब उष्ण दक्षिणेत 30 दिवसांचा, तर थंड डोंगराळ भागात 55 दिवसांचा धरतात. तुमचं गाव थंड असेल, तर आधी हिवाळ्यातलं तापमान नोंदवा आणि मगच टाकीचा आकार ठरवा.