अंगणात ऊन, अंगात उणीव
(सुवर्ण महोत्सवानिमित्त जत येथील महिला मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मासिक पाळीतील वेदना हा विषय सहसा व्यासपीठावर येत नाही. घरातही "बाईच्या जन्माला हे आलेच" असे म्हणून मुलीला गप्प केले जाते. त्यामुळे दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडवून अंथरुणात कण्हणाऱ्या लेकीचे दुःख कमी होत नाही. ते केवळ झाकले जाते. म्हणून आज हा विषय मुद्दाम मांडत आहे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जाऊन कळा येतात. ड जीवनसत्त्व या द्रव्यांच्या निर्मितीला आवर घालते, असे संशोधक मानतात. इटलीतील मेसिना येथील डॉक्टरांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांना या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा एकदाच दिली गेली, त्यांच्या वेदना दोन महिन्यांत लक्षणीय घटल्या. अभ्यास लहान होता. नंतरच्या अनेक अभ्यासांचा कल त्याच दिशेचा असला, तरी हा प्रत्येकीसाठी रामबाण उपाय नव्हे.

आपला जत तालुका पावसाला पारखा आहे, उन्हाला नाही. मग उणीव का? पुण्यातील जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेने गरीब घरांतील किशोरींवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्या मुलींतही ही उणीव आढळली होती. ऊन अंगणात असून भागत नाही, ते त्वचेवर पडावे लागते. काचेतून आलेले ऊन येथे उपयोगी नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन खरे गुणकारी. त्वचा भाजणार नाही इतकाच वेळ हातपाय उघडे ठेवून ते घ्यावे. मासे व अंडी आपल्या आहारात नाहीत आणि साध्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. म्हणून आपल्याला उन्हाचे महत्त्व अधिक.

औषधाबाबत आपल्या समाजात एक रास्त शंका असते. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेले असते. ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार करतात. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीसदृश लायकेनपासून बनवलेलेही मिळते. डॉक्टरांना हे निःसंकोच विचारावे. शंकेपोटी उपचारच टाळू नयेत.

मात्र आठवड्याला घ्यावयाच्या 60,000 युनिटच्या पुड्या शेजारणीच्या सल्ल्याने घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. वेदना महिन्यागणिक वाढत असतील, रक्तस्राव फार होत असेल किंवा पाळी नसतानाही पोट दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावेच. त्यामागे एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो. साध्या दुखण्यात शेक, नियमित व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी यांनी आराम पडतो.

मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून आपण पाऊल जपून टाकतो. तीच जीवदया घरातील लेकीच्या वाट्यालाही यावी. आज घरी गेल्यावर तिला एकदा विचारा, "बाळ, तुला फार दुखते का?"

जय जिनेंद्र!