मध्येच बंद पडणारा सबवूफर

गाडीतला सबवूफर वाजता वाजता मध्येच गप्प होतो, तेव्हा बहुधा ॲम्प्लिफायरने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलेले असते. अनेक ॲम्प्लिफायरवर त्या वेळी लाल दिवा लागतो.

तपासणीची सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे ॲम्प्लिफायरची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला नटाने जोडलेली असते त्या जागेपासून करावी. शहापूर-मुरबाड भागातले खड्डे आणि माळशेज घाटाची वळणे यांच्या हादऱ्यांनी हा नट सैल होतो. चार महिन्यांच्या पावसात त्यावर गंज चढतो. बॅटरीची ऋण वायर सोडवून अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यापर्यंत स्वच्छ करावी आणि नट घट्ट आवळावा.

बॅटरी पुन्हा जोडून, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने ॲम्प्लिफायरच्या टोकांवर विद्युतदाब मोजावा. तो १४ व्होल्टच्या आसपास हवा. मोठ्या आवाजात तो फार घसरत असल्यास वायर बारीक आहे, जोडणी सैल आहे किंवा बॅटरी कमकुवत आहे.

यानंतर सबवूफरचा रोध पाहावा. त्यातल्या ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यास २ ओहम होतात. ॲम्प्लिफायरला ते पेलत नसेल तर तो बंद पडतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असल्यास कारण उष्णता असते. अशा वेळी ॲम्प्लिफायरभोवती हवा खेळती ठेवावी. फ्यूज बदलावा लागल्यास तो मात्र ठरलेल्या क्षमतेचाच असावा. जास्त क्षमतेचा फ्यूज टाकल्यास वायर पेटू शकते.