खुर्चीवरून चार शब्द

बसूनच बोलते, राग मानू नका. २०२१ साली करोनात स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी माझा जीव वाचला. पुढे वर्षाने जांघेत कळ येऊ लागली. वाताची म्हणून मी तेल चोळीत राहिले. साध्या फोटोत काही दिसेना. एमआरआयमध्ये कळले, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड मरते आहे. २०२३ साली उजवा खुबा बदलला. आता डाव्यातही सुरुवात आहे. रात्री कूस वळताना वाटते, खरी कळ कोणती नि मनाची कोणती? सासूबाई म्हणतात, "स्टुलावर बसून पोळ्या लाट, पण घाबरू नकोस." तुमची जांघ दुखली तर तेलावर दिवस घालवू नका, करोनातले औषध डॉक्टरांना आधी सांगा. आणि हळदीकुंकवाला मला जरूर बोलवा, फक्त सतरंजीपाशी एक खुर्ची ठेवा.