व्रत आणि वंचना



अविवाहित पुरुष दोन प्रकारचे असतात. एक, ज्यानें लग्न नाकारलें तो. आणि दुसरा, ज्याला लग्नानें नाकारलें तो. चूल दोघांचीहि एकट्यापुरतीच पेटते. तथापि दोघांस एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय.

‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, असें परंपरा सांगते. महात्मा गांधींनीं १९०६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, तेव्हां ते चार पुत्रांचे पिते होते. दोघांपुढेंहि संसार उभा होता; इंद्रियनिग्रह त्यांनीं स्वतः निवडला.

शिक्षक असतांना हीं उदाहरणें मीं वर्गांत अनेकदां सांगितलीं. गेल्या वर्षीं एक जुना विद्यार्थी भेटला. वय चाळिशीच्या घरांत, चार एकर कोरडवाहू जमीन, लग्न नाहीं. मी सहज म्हणालों, “अरे, ब्रह्मचर्य हेंहि मोठें तप आहे.” तो शांतपणें उत्तरला, “गुरुजी, ज्याच्या पानांत कांहीं वाढलेंच नाहीं, त्याच्या उपासाला एकादशी कसें म्हणावें?” मी निरुत्तर झालों.

असे तरुण थोडे नाहींत. डिसेंबर २०२२ मध्यें सोलापुरांत त्यांतील कांहीं जण नवरदेवाच्या वेषांत, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लोक हंसले, पण कारण हंसण्याजोगें नव्हतें. शेतकऱ्याचें स्थळ आज मागें पडतें. त्यांत मुलीच कमी. महाराष्ट्रानें १९८८ सालीं गर्भलिंगनिदानावर कायद्यानें निर्बंध घातले. तरीहि २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें राज्यांत मुली ८९४ आणि बीड जिल्ह्यांत अवघ्या ८०७ भरल्या. तीं मुलें आतां कोठें लग्नाच्या वयास येत आहेत!

ज्या मुलीनें नकार दिला, तिचा यांत दोष नाहीं. निवडीचा अधिकार तिलाहि आहे. दोष मुलगी नको म्हणणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे. आजहि वधू विधवा आहे, घटस्फोटिता आहे, परजातीची आहे, म्हणून चांगलीं स्थळें परत पाठवितों तीं आम्हींच. आणि मुलास मात्र संयमाचे पाठ देतों.

त्या विद्यार्थ्याची मीं क्षमा मागितली. आतां त्याच्यासाठीं स्थळ पाहतों आहें. जातीची अट त्याच्या आईनें सोडली आहे. योग येईल न येईल. पण दिवाळीचें पान त्याच्यासाठीं आमच्या घरीं मांडलेलें असेल. व्रत घेणाऱ्यास आपण वंदन करतों, तें योग्यच आहे. ज्याच्यावर तें लादलें गेलें, त्याला उपदेश नको, सोबत हवी.